लोखंड मागे ठेवणारा द्राव : अमोनियाने धातू विरघळवण्याचा इतिहास

धातुविद्येच्या इतिहासात अमोनियाच्या द्रावाला मध्यवर्ती स्थान कधीच मिळाले नाही. बहुतेक धातू भट्टीत वितळवून किंवा गंधकाम्लात विरघळवून मिळवले गेले आणि आजही तसेच मिळवले जातात. परंतु ज्या खनिजासाठी भट्टीचा खर्च परवडेनासा झाला आणि आम्लाचाही उपाय चालेना, त्यासाठी विसाव्या शतकातील अभियंते पुन्हा पुन्हा अमोनियाकडे वळले. अलास्कातील चुनखडकात अडकलेले तांबे, मिशिगनमधील एका सरोवराच्या तळाशी साठलेली टाकाऊ रेती, क्यूबाची लोहयुक्त तांबडी माती आणि हिंदी महासागराच्या तळावरच्या मँगनीजच्या गाठी या परस्परांशी काहीही नाते नसलेल्या पदार्थांना एका सूत्रात आणले ते अमोनियाच्या एका गुणाने: तांबे, निकेल आणि कोबाल्ट यांना तो द्रावात धरून ठेवतो आणि लोखंड, चुना व वाळू यांना द्रावाबाहेर ठेवतो. या निवडीवर एक मोठा उद्योग उभा राहिला आणि त्या उद्योगाचे बरेचसे तोटेही याच निवडीतून उद्भवले, कारण द्रावातून बाहेर पडणारे लोखंड एकटे बाहेर पडत नाही, जाताना ते कोबाल्टचा मोठा वाटा सोबत घेऊन जाते.

ही निवड कशी घडते हे आधी पाहणे आवश्यक आहे. अमोनिया हा नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा पाण्यात विपुल विरघळणारा वायू असून त्यातील नायट्रोजनच्या अणूवर इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते. तांबे, निकेल किंवा कोबाल्ट यांचा विद्युत्भारित अणू, म्हणजे आयन, द्रावात उतरला की अमोनियाचे अनेक रेणू या मोकळ्या जोड्यांच्या आधारे त्याच्याभोवती बांधले जातात. अशा बांधणीला संकुल म्हणतात. एरवी अल्कधर्मी पाण्यात हे धातू हायड्रॉक्साइडचा साका होऊन तळाशी बसले असते, संकुलामुळे मात्र ते विरघळलेले राहतात. लोखंडाची गोष्ट वेगळी आहे, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे त्रिसंयुजी, म्हणजे फेरिक, रूप तयार झाले की त्याला अमोनियाचे संकुल टिकवता येत नाही आणि ते तांबूस गाळ बनून द्रावातून वेगळे होते. धातुरूपातील तांबे किंवा निकेल मात्र नुसत्या अमोनियाने विरघळत नाही. धातूच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेणारे काहीतरी लागते आणि ते काम प्रामुख्याने हवेतील ऑक्सिजन करतो. म्हणून या उद्योगात अमोनिया आणि अमोनियम कार्बोनेट यांच्या द्रावात हवा सोडून धातू विरघळवतात आणि नंतर त्याच द्रावात वाफ सोडून तो खाली बसवतात: वाफेने अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात, संकुल मोडते, धातू ऑक्साइडच्या किंवा कार्बोनेटच्या रूपाने अवक्षेपित होतो आणि उडालेले वायू थंड पाण्यात शोषून पुन्हा कामाला लावता येतात. खनिजातील विद्राव्य भाग द्रावकाने असा काढून घेण्याच्या क्रियेस निक्षालन म्हणतात.

धातूच्या कारागिरीत अमोनियाचा प्रवेश या उद्योगाच्या कित्येक शतके आधी झाला होता, तो नवसागराच्या रूपाने. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. संस्कृत रसग्रंथांना तो परिचित होता आणि ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात त्याची गणना साधारण रसांमध्ये केलेली आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंजाबातील कर्नाल भागात कुंभार विटांच्या भट्ट्यांतून त्याचे उत्पादन करीत असत. महाराष्ट्रातील कल्हईवाल्याने तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर नवसागराची चिमूट टाकली की त्याचे विघटन होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात आणि त्यांतील दुसरा वायू धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, त्यामुळे कथील भांड्याला घट्ट धरते. येथे धातू साफ करण्याचे श्रेय आम्लधर्मी वायूचे आहे आणि अमोनिया धुरासोबत निघून जातो. अमोनियाने स्वतः मिश्रधातूवर केलेल्या क्रियेची जुनी लेखी नोंद युरोपात सापडते: १५९७ मध्ये जर्मन रसायनज्ञ आंद्रेआस लिबाव्हियुस यांनी नवसागर मिसळलेली चुन्याची निवळी पितळेच्या संपर्कात निळी होते असे लिहून ठेवले. चुन्यामुळे नवसागरातून अमोनिया मोकळा झाला होता आणि त्याने हवेच्या साहाय्याने पितळेतील तांबे विरघळवले होते, हे आज सांगता येते. त्या निळ्या रंगामागचे संकुलाचे तत्त्व समजायला मात्र सुमारे ३०० वर्षे जावी लागली. १७९८ मध्ये फ्रान्समध्ये तासेर यांनी कोबाल्ट आणि अमोनिया यांच्या संयोगाचे निरीक्षण नोंदवले आणि १८९३ मध्ये झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी अशा संयुगांची रचना उलगडणारा सिद्धान्त मांडला, ज्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिश्रधातूवरील अमोनियाच्या क्रियेचा एक कठोर धडा भारतातच मिळाला होता. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवून ठेवली असता त्यांच्या पत्र्याला आपोआप तडे जात आणि ती निकामी होत. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या दोषाला ऋतुभंगाचे नाव पडले. त्याचे कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले: घोड्यांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर क्रिया करीत होता आणि काडतूस ओढून घडवताना धातूत राहून गेलेल्या ताणामुळे ही सूक्ष्म क्रिया सबंध पत्रा चिरत नेत होती. घडवलेले पितळ मंद तापवून त्यातील ताण काढणे हा उपाय त्यातून निघाला. याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे मात्र अमोनियाच्या याच आक्रमकतेला कामाला लावले गेले होते.

अलास्कातील केनेकॉट येथील तांब्याच्या खाणी असामान्य समृद्ध होत्या आणि काही ठिकाणी खनिजात ७० टक्क्यांपर्यंत तांबे होते. १९११ मध्ये कॉर्डोव्हा बंदरापर्यंत सुमारे ३१५ किलोमीटर लांबीची रेल्वे पूर्ण झाल्यावर हे खनिज बाहेर जाऊ लागले. यातील गंधकयुक्त भाग दळून, पाण्याच्या आधारे जड कण वेगळे करून पाठवता येत असे. परंतु मॅलाकाइट आणि अॅझुराइट ही तांब्याची कार्बोनेटे हलकी व ठिसूळ असल्यामुळे बारीक चुऱ्यासोबत वाहून जात. गंधकाम्लाने ती सहज विरघळली असती, पण खाणीचा सगळा खडक चुनखडीचा आणि डोलोमाइटचा होता आणि अशा खडकात ओतलेले आम्ल तांब्यापर्यंत पोहोचण्याआधीच चुन्याने पिऊन टाकले असते. ई. टॅपन स्टॅनर्ड यांच्या नेतृत्वाखाली १९१५-१६ च्या सुमारास तेथे उभारलेल्या अमोनिया निक्षालन कारखान्याने या कोंडीतून वाट काढली. मोठ्या बंद टाक्यांत चुरा भरून त्यातून अमोनियाचा द्राव फिरवला जाई, चुनखडी जशीच्या तशी राही, तांबे निळ्या द्रावासोबत बाहेर येई आणि वाफेने अमोनिया उडवल्यावर तांब्याचा ऑक्साइड हाती लागे. व्यापारी प्रमाणावर यशस्वी झालेला हा अशा प्रकारचा पहिला कारखाना मानला जातो. पहिल्या महायुद्धामुळे तांब्याला मिळणारा भाव नसता तर इतक्या दुर्गम जागी, जेथे प्रत्येक पिंप अमोनिया जहाजाने आणि रेल्वेने आणावा लागे, हा प्रयोग कोणी केला असता असे वाटत नाही. खाणी १९३८ मध्ये बंद पडल्या. स्टॅनर्ड पुढे केनेकॉट कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले आणि १९४९ मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानात ठेवलेल्या बाँबच्या स्फोटात त्यांचा मृत्यू झाला.

मिशिगनमधील प्रश्न याहून निराळा होता, कारण तेथील तांबे संयुगाच्या रूपात नसून खडकात शुद्ध धातूच्या रूपात विखुरलेले होते. कॅल्युमेट अँड हेक्ला या कंपनीने लेक लिंडेन येथे अनेक दशके खडक कुटून तांबे वेगळे केले होते आणि उरलेली रेती टॉर्च लेक या सरोवरात टाकली होती. त्या रेतीत त्या काळच्या यंत्रांना न गवसलेले तांब्याचे बारीक कण राहून गेले होते. १९१५ पासून ही रेती तळातून उपसून पुन्हा दळण्यास आरंभ झाला आणि १९१६ पासून सी. हॅरी बेनेडिक्ट यांनी विकसित केलेल्या पद्धतीने तिचे अमोनियाच्या द्रावात निक्षालन होऊ लागले.

या पद्धतीतील रसायनाचा बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे, कारण पुढील सर्व उद्योगाने त्याचा आधार घेतला. विरघळलेल्या तांब्याची दोन रूपे असतात: एक द्विसंयुजी, म्हणजे क्युप्रिक, आणि दुसरे एकसंयुजी, म्हणजे क्युप्रस. द्रावातील क्युप्रिक तांबे रेतीतील धातुरूप तांब्याला भेटले की त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेते आणि दोन्ही क्युप्रस होऊन द्रावात राहतात. नंतर हवेने क्युप्रस तांबे पुन्हा क्युप्रिक केले की तोच द्राव अधिक तांब्यावर चालून जाण्यास सिद्ध होतो. ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळत असल्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबले असते तर क्रिया मंदावली असती. द्रावात आधीपासून असलेले तांबे ऑक्सिजनचे काम वाहून नेणारे मध्यस्थ ठरले. जो धातू मिळवायचा तोच धातू विरघळवण्याचे साधन झाल्यामुळे द्राव जितका तांब्याने समृद्ध तितका तो बलवान, ही एरवी विचित्र वाटणारी स्थिती येथे निर्माण झाली.

रेतीवर यशस्वी झालेली ही पद्धत पुढे भंगारावरही लागू झाली. १९४० च्या दशकात लेक लिंडेन येथे तांब्याचा थर चढवलेल्या पोलादी भंगारातून तांबे सोडवण्यासाठी ती वापरण्यात आली; भट्टीत असे भंगार वितळवले तर तांबे आणि लोखंड एकमेकांत मिसळून दोन्हींची किंमत घटते, अमोनियाच्या द्रावात मात्र तांबे सुटते आणि पोलाद घन राहून पुन्हा उपयोगी पडते. पितळेच्या बाबतीत हा लाभ मर्यादित असतो, कारण जस्तही अमोनियाशी संकुल करते आणि तांब्यासोबत द्रावात येते. कंपनीचा व्यवसाय १९६८ च्या संपानंतर संपुष्टात आला. ज्या सरोवरात एवढी रेती टाकली गेली आणि ज्यातून ती पुन्हा उपसली गेली, ते टॉर्च लेक १९८६ मध्ये अमेरिकेच्या अत्यंत प्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत समाविष्ट झाले. तांबे वाचवण्याचा हा प्रयत्न कितीही बुद्धिमान असला तरी त्याने सरोवर वाचवले नाही, हेही इतिहासात नोंदवले पाहिजे.

अमोनियाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाकांक्षी अध्याय निकेलचा आहे. निकेलचे मोठे साठे दोन प्रकारच्या खनिजांत आढळतात: एक गंधकयुक्त, कॅनडातील सडबरीसारख्या ठिकाणी सापडणारे, आणि दुसरे उष्ण व दमट प्रदेशात खडक झिजून तयार झालेल्या लॅटराइटमध्ये, म्हणजे जांभ्यात. कोकणातील जांभा मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टपासून बनल्यामुळे त्यात निकेल जेमतेम असते. क्यूबा, न्यू कॅलिडोनिया किंवा ओडिशातील सुकिंदा खोरे येथील जांभा मात्र मॅग्नेशियम आणि निकेल यांनी समृद्ध अशा खोलवरच्या खडकांपासून बनलेला आहे. क्यूबाच्या अशा मातीत निकेल साधारण दीड टक्क्याहून कमी आणि लोखंड ४० टक्क्यांच्या आसपास असते, शिवाय निकेलचे वेगळे कण नसतात, ते लोहखनिजाच्या स्फटिकातच विखुरलेले असते. दळून किंवा धुऊन ते वेगळे करता येत नाही आणि सगळी माती वितळवली तर अवाढव्य इंधन खर्चून मुख्यतः लोखंडच हाती येते.

डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील डच धातुवैज्ञानिक एम. एच. कॅरन यांनी १९२० च्या दशकात सुचवलेली युक्ती अशी होती की, मातीतून निकेल थेट विरघळवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, आधी मातीच्या आतच एक मिश्रधातू घडवावा आणि मग तो मिश्रधातू अमोनियात विरघळवावा. सुकवून दळलेली माती एकावर एक मजले असलेल्या भट्टीत, ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वायूंच्या प्रवाहात सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की निकेल आणि कोबाल्ट यांची संयुगे धातुरूप होतात, लोखंडाचाही काही भाग धातुरूप होतो आणि या तिन्ही धातूंचे अतिसूक्ष्म कण मातीच्या प्रत्येक दाण्यात तयार होतात. ऑक्सिजन काढून धातू मोकळा करण्याच्या या क्रियेस क्षपण म्हणतात. ही माती हवेचा स्पर्श न होऊ देता थंड करून अमोनिया व अमोनियम कार्बोनेटच्या द्रावात टाकतात आणि त्यात हवा सोडतात.

यानंतर जे घडते त्यात पद्धतीचे सामर्थ्य आणि दुर्बलता दोन्ही सामावलेल्या आहेत. मिश्रधातूतील लोखंड निकेलच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, द्विसंयुजी रूपात द्रावात उतरते आणि निकेल-कोबाल्टला मोकळी वाट करून देते. मग हवेने ते त्रिसंयुजी होते, त्याला संकुल टिकवता येत नाही आणि त्याचा गाळ बसतो. हा गाळ चिकट, फुगीर आणि प्रचंड पृष्ठभागाचा असल्यामुळे तो कोबाल्टला आपल्या अंगाशी धरून ठेवतो. शिवाय तो मिश्रधातूच्या अजून न विरघळलेल्या कणांवर पातळ कवचासारखा बसला की कण निष्क्रिय होतो आणि आतील निकेलही अडकून पडते. लोखंड कमी प्रमाणात धातुरूप व्हावे म्हणून भट्टीतील क्षपण सौम्य ठेवले तर निकेलचा मोठा भाग संयुगातच राहतो, आणि निकेल पुरते मोकळे करण्यासाठी क्षपण तीव्र केले तर लोखंड वाढून गाळ वाढतो. या दोन टोकांमधला समतोल प्रत्येक खाणीच्या मातीसाठी नव्याने शोधावा लागला आणि तो साधल्यावरही अशा कारखान्यांत निकेल साधारण ७५ ते ८० टक्के आणि कोबाल्ट निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच हाती येत राहिले. मौल्यवान कोबाल्टचा निम्मा वाटा गाळात जातो हे माहीत असूनही कारखाने चालवले गेले, कारण त्या काळात युद्धसामग्रीसाठी हवे होते ते निकेल.

कॅरन पद्धतीचा पहिला मोठा कारखाना युद्धानेच उभा केला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती पोलादासाठी निकेलची मागणी वाढली तेव्हा अमेरिकन शासनाच्या पैशाने क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर निकारो येथे कारखाना बांधण्यात आला आणि १९४३ च्या अखेरीस तेथे उत्पादन सुरू झाले. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तो बंद झाला, कोरियन युद्धामुळे १९५२ मध्ये पुन्हा उघडला आणि १९६० मध्ये क्रांतीनंतरच्या क्यूबन शासनाने तो ताब्यात घेतला. अमेरिकन तंत्रज्ञ निघून गेल्यावर आणि सुट्या भागांचा पुरवठा तुटल्यावर अमोनिया, वाफ आणि ज्वालाग्राही वायू यांवर चालणारा इतका गुंतागुंतीचा कारखाना क्यूबन कामगारांनी आणि अभियंत्यांनी चालू ठेवला, ही या उद्योगाच्या इतिहासातील खरोखर मोठी कामगिरी आहे आणि तंत्रविषयक ग्रंथांतून तिला फारच थोडी जागा मिळाली आहे. निकारोचा कारखाना २०१२ मध्ये कायमचा बंद झाला. त्याच पद्धतीचा क्यूबातीलच पुंता गोर्दा येथील कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला होता.

गंधकयुक्त निकेलसाठी अमोनियाने वेगळा मार्ग धरला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक फॉरवर्ड यांनी शेरिट गॉर्डन या कॅनडातील खाण कंपनीसाठी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे दाखवून दिले की, निकेलचे गंधकयुक्त खनिज भाजण्याची किंवा वितळवण्याची गरज नाही. दाबपात्रात, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद पात्रात, अमोनिया आणि दाबाखालील हवा यांच्या सान्निध्यात ते सरळ विरघळते. अल्बर्टा प्रांतातील फोर्ट सस्कॅचवान येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात या द्रावातून दाबाखालील हायड्रोजनने निकेलची शुद्ध भुकटी मिळवली जाऊ लागली आणि खनिजातील गंधक अमोनियम सल्फेट होऊन खत म्हणून विकला जाऊ लागला. जागेची निवड अत्यंत विचारपूर्वक झाली होती: तेथे अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यासाठी नैसर्गिक वायू होता आणि खत घेणारी प्रेअरीची शेतीही जवळच होती. येथे अमोनिया परत मिळवण्याचा खटाटोप बराच कमी झाला, कारण खर्च झालेला अमोनिया खताच्या रूपाने पैसे मिळवून देत होता. आर्थिकदृष्ट्या ही पद्धत कॅरनच्या पद्धतीपेक्षा भक्कम ठरली याचे एक कारण या हिशेबातच आहे.

कॅरन पद्धतीला असा आधार नव्हता. ओली माती सुकवायची, ती तापवायची, पुन्हा पाण्यात टाकायची आणि ते पाणी वाफेने उकळायचे, यांतील सुकवणे, तापवणे आणि उकळणे या तिन्ही पायऱ्यांना इंधन लागते. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळच्या याबुलू येथील कारखाना १९७४ मध्ये आणि त्याच सुमारास फिलिपाइन्सच्या नोनोक बेटावरील कारखाना सुरू झाला, तोच खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला होता. स्वस्त तेल गृहीत धरून आखलेले हे दोन्ही प्रकल्प आरंभापासून कर्जात रुतले. नोनोकचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. याबुलू दुसऱ्या देशांतून माती आयात करून आणि मालक बदलत २०१६ पर्यंत तग धरून राहिला. १९९० च्या दशकापासून लॅटराइटसाठी दाबाखालील गंधकाम्लाची पद्धत पुढे आली, जिच्यात कोबाल्ट ९० टक्क्यांच्या पुढे मिळते, आणि विजेऱ्यांसाठी कोबाल्ट मौल्यवान झाल्यावर कॅरनच्या गाळात जाणारा वाटा दुर्लक्षिणे कोणालाच परवडेनासे झाले.

दरम्यान अमोनियापुढे समुद्राच्या तळावरचे खनिज आले होते. १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेत खोल समुद्रातून मँगनीज आणि लोखंड यांच्या गोलसर गाठी वर आल्या होत्या. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या या गाठींमध्ये तांबे, निकेल आणि कोबाल्टही साठलेले असते, हे विसाव्या शतकात महत्त्वाचे ठरले. १९७० च्या दशकात त्यांच्यावर काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये केनेकॉट ही अग्रेसर होती आणि अलास्कात कमावलेल्या अमोनियाच्या अनुभवाला तिने येथे नवे रूप दिले. तिच्या क्युप्रियन नावाच्या पद्धतीत गाठींचा चुरा अमोनियाच्या द्रावात घेऊन त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला जाई. त्याने द्रावातील तांबे क्युप्रस रूपात राही, क्युप्रस तांबे मँगनीज डायऑक्साइडचे क्षपण करी आणि स्वतः क्युप्रिक होऊन पुन्हा त्या वायूमुळे क्युप्रस होई. मँगनीजची चौकट मोडली की तिच्यात अडकलेले निकेल, तांबे आणि कोबाल्ट द्रावात येत. लेक लिंडेन येथे ज्या तांब्याने धातूकडून इलेक्ट्रॉन घेतले, त्याच तांब्याने येथे खनिजाला इलेक्ट्रॉन दिले, म्हणजे मध्यस्थ तोच राहून व्यवहाराची दिशा उलटी झाली. भट्टी न वापरता सुमारे ५० अंश तापमानावर चालणारी ही क्रिया तेलाच्या भाववाढीच्या दशकाला साजेशी होती.

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध गोव्यातून येतो. पणजीजवळ दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून या गाठी भारतासाठी प्रथम वर काढल्या. पुढील सर्वेक्षणांच्या आधारे १९८७ मध्ये भारताला आद्य गुंतवणूकदार देशाचा दर्जा आणि मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात १,५०,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला आणि अखेरीस ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे राहिले, ज्यात ३८ कोटी टन गाठी असल्याचा अंदाज आहे. स्वतःचे निकेल उत्पादन जवळजवळ नसलेल्या आणि कोबाल्टसाठी आयातीवर अवलंबून असलेल्या देशासाठी हे आकडे साधे नव्हते.

गाठी व्यापारी प्रमाणावर वर काढण्याआधीच त्यांतून धातू कसे काढायचे याचा शोध जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, भुवनेश्वरची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि उदयपूरची हिंदुस्तान झिंक कंपनी यांनी सुरू केला. जमशेदपूर येथे कॅरनच्या धर्तीवर गाठींचे क्षपण करून अमोनियात निक्षालन करण्याचा मार्ग अभ्यासला गेला, तसेच गाठी वितळवून तांबे, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू मिळवायचा आणि मग तो विरघळवायचा, असाही मार्ग तपासला गेला. दुसऱ्या मार्गाचे आकर्षण स्पष्ट आहे, कारण वितळवल्यावर मँगनीजचा मोठा भाग मळीत जातो आणि विरघळवायचे वस्तुमान मूळ गाठींच्या एका लहान अंशावर येते. परंतु घट्ट मिश्रधातू दळणे कठीण, त्याचा पृष्ठभाग तोकडा आणि त्यातील लोखंडाचे कवच निकारोच्या सूक्ष्म कणांवरील कवचापेक्षाही अधिक त्रासदायक. भुवनेश्वरच्या वैज्ञानिकांनी, ज्यांनी सुकिंदाच्या निकेलयुक्त मातीवर क्षपण आणि अमोनिया निक्षालनाचे दीर्घ काम केले होते, गाठींसाठी अमोनियाच्या द्रावात सल्फर डायऑक्साइड सोडून भट्टीविना क्षपण आणि निक्षालन एकत्र घडवण्याची पद्धत विकसित केली. तिच्या आधारे उदयपूरला दिवसाला ५०० किलोग्रॅम गाठी हाताळणारा प्रायोगिक कारखाना उभारण्यात आला. समुद्रातील यंत्रांच्या बाजूने चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ५,२७० मीटर खोलीवर ‘वराह’ या खाणयंत्राची चाचणी घेतली.

या गाठींमध्ये तांबे, निकेल आणि कोबाल्ट मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास असतात आणि मँगनीज मात्र सुमारे पाव हिस्सा असते. अमोनियाने हवे ते धातू उचलल्यावर जो काळसर अवशेष उरतो त्याचे वजन मूळ गाठींपेक्षा फारसे कमी नसते. टॉर्च लेकमध्ये अशाच अवशेषाचा प्रश्न सरोवरावर सोपवला गेला होता आणि निकारोत तो खाडीकाठच्या तांबड्या ढिगांच्या रूपाने साठत राहिला. भारतीय प्रयोगशाळांनी मात्र आरंभापासून निक्षालनानंतरच्या मँगनीजयुक्त अवशेषाला पद्धतीचाच भाग मानले आणि तो विद्युत्भट्टीत वितळवून पोलाद उद्योगाला लागणारे सिलिको-मँगनीज बनवण्याचे प्रयोग केले, जेणेकरून कारखान्याचा हिशेब केवळ निकेल-कोबाल्टच्या भावावर न टेकता मँगनीजच्या उत्पन्नावरही उभा राहील.